वायरलेस नसलेलं हेरखातं

मुक्काम दीक्षितपुरा, जबलपूर. हे शहर सिग्नलवाल्यांचं. इथं राहून साताऱ्याचं प्रतिसरकार (1943-46) आठवतं. त्यांचं हेरखातं म्हणजे गावची माणसं.

7 जून 1943 ला शेणोलीजवळ तुफान सेनेनं गाडी अडवली, ती नेमकी पगाराची. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंनी नवरा मारतोय असं सोंग केलं. शिपाई भांडण सोडवायला बाहेर आले, साथीदारांनी आतल्या बंदुका उचलल्या.

उलट्या बाजूनं, इंग्रजांना खबर देणाऱ्याला कडक शिक्षा. खबऱ्या फुटला की अख्खी तुकडी जाते, हे फौजींना सांगायला नको.

1946 मध्ये सारं संपलं. बातमी आणणाऱ्या कित्येकांना ना वर्दी होती, ना हुद्दा. सलाम त्यांनाही.