सतरा वर्षांच्या पोराला नेमकं काय हवंय?

मंडळी, आज अमेरिकन फुटबॉल. म्हणजे तोच, ज्यात पाय कमी आणि हात जास्त चालतात. नियम माहीत नसले तरी काही बिघडत नाही. एवढंच लक्षात ठेवा की 'रनिंग बॅक' नावाचा गडी चेंडू बगलेत घट्ट धरून समोरच्या अकरा दांडगटांमधून पळतो, आणि शेवटची रेघ ओलांडली की टचडाउन. बस्स, एवढ्या भांडवलावर पुढचं सगळं कळेल.

दुसरी गोष्ट म्हणजे तिथे शाळेतल्या चांगल्या खेळाडूंच्या मागे कॉलेजं धावतात. आपल्या कॅम्पस प्लेसमेंटच्या बरोबर उलटं. कॉलेजचे कोच पोराच्या घरी जातात, आईच्या हातचं जेवतात, आजीची तब्येत विचारतात. आणि राज्यभरातले चाहते, ज्यांनी त्या पोराला कधी जवळून पाहिलेलंही नसतं, ते वाद घालत बसतात की हा कुठे जाणार, त्याने कुठे जायला हवं, आणि (हा माझा आवडता प्रश्न) त्याला मनापासून खेळायचंय तरी का?

या वादांच्या इतिहासात मार्कस डुप्रीच्या गोष्टीला तोड नाही.

मिसिसिपी राज्यात फिलाडेल्फिया नावाचं गाव आहे. मोठं फिलाडेल्फिया नव्हे, हे जेमतेम सहा-सात हजार वस्तीचं. २१ जून १९६४ च्या रात्री या गावाबाहेर जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन तरुणांना कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी गोळ्या घातल्या. कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीच्या चळवळीत होते ते, एवढाच गुन्हा. डेप्युटी शेरीफ सेसिल प्राइस स्वतः त्या कटात सामील. १९६७ मध्ये सात जणांना शिक्षा झाली, त्यात हा प्राइसही होता. डुप्री याच गावचा, कृष्णवर्णीय, जन्म २२ मे १९६४. म्हणजे खून झाले तेव्हा हे बाळ महिन्याचं होतं.

१९७० मध्ये कोर्टाच्या आदेशाने गावातल्या शाळा एकत्र झाल्या. डुप्रीची बॅच ही पहिलीपासून गोऱ्या मुलांबरोबर शिकलेली पहिली बॅच. आणि पुढे शाळेच्या टीममध्ये त्याच्याबरोबर कोण खेळत होतं? सेसिल प्राइसचा मुलगा. सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हणलो असतो, जरा अतीच होतंय.

तर हा डुप्री. सहा फूट तीन इंच, अंगाने बैल आणि पळायला हरीण. शाळेच्या चार वर्षांत ८७ टचडाउन. आधीचा देशातला विक्रम हर्शेल वॉकरचा, ८६ चा. वॉकर तेव्हा जॉर्जिया विद्यापीठाचा राष्ट्रीय हीरो होता, त्यामुळे 'पुढचा वॉकर' हे लेबल डुप्रीला फुकटात चिकटलं. १९८१ च्या हिवाळ्यात देशभरातले कोच गावात येऊन थडकले. ओक्लाहोमाचा सहायक कोच आठवडेच्या आठवडे तिथल्या मोटेलात मुक्काम ठोकून होता. ओक्लाहोमाने आपला जुना स्टार, १९७८ चा हाइझमन ट्रॉफीवाला बिली सिम्स, यालाही गावात आणलं. टेक्सस होतंच. आणि मिसिसिपीच्या लोकांचा जीव अडकला होता तो घरच्या सदर्न मिसिसिपीत. गावच्या पोराने गावाजवळ राहावं, असा सूर. यात प्रेम होतं, पण हक्कही होता. मला तो हक्काचा सूर खटकतो. सतरा वर्षांपूर्वी याच गावाने त्याच्या आई-वडिलांच्या पिढीला मत देऊ दिलं नव्हतं, आणि आता तोच पोरगा 'आपला'!

विली मॉरिस हा मिसिसिपीचाच नामवंत लेखक. या सगळ्या अनुनयावर त्याने अख्खं पुस्तक लिहिलं. शेवटी फेब्रुवारी १९८२ मध्ये डुप्रीने ओक्लाहोमाच्या कागदावर सही केली.

आता त्या कागदाबद्दल थोडं, कारण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. त्याला 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' म्हणत. ही पद्धत सुरू झाली १९६४ साली. मुलाने सही केली की तो बांधला गेला. दुसऱ्या मोठ्या कॉलेजात जायचं तर पूर्ण एक सीझन बाहेर बसा. बदल्यात कॉलेज काय देणार? स्कॉलरशिप, तीही १९७३ पासून एकेका वर्षाची, दरवर्षी कोचच्या मर्जीने नूतनीकरण. आपल्या भाषेत सांगायचं तर बॉण्ड चार वर्षांचा आणि ऑफर लेटर एका वर्षाचं. पगार शून्य.

आणि कोच? ज्या हिवाळ्यात डुप्रीची मनधरणी चालू होती, त्याच हिवाळ्यात, जानेवारी १९८२ मध्ये, सदर्न मिसिसिपीचे कोच बॉबी कॉलिन्स उठले आणि टेक्ससमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात नोकरीला गेले. तिथली जागा का रिकामी झाली? कारण तिथले कोच रॉन मेयर एनएफएलमधल्या न्यू इंग्लंडच्या टीमकडे गेले होते. कोणी एक सीझन बाहेर बसलं नाही. पोराने घरच्या कॉलेजशी इमान राखावं अशी अपेक्षा असताना त्या कॉलेजचा कोचच निघून गेला होता!

ओक्लाहोमात पहिलं वर्ष स्वप्नासारखं गेलं. टेक्ससविरुद्ध ६३ यार्डांची धाव. मुख्य कोच बॅरी स्वित्झर यांनी वर्षानुवर्षं जपलेली 'विशबोन' पद्धत भर सीझनमध्ये बाजूला ठेवली आणि टीमची मांडणी या अठरा वर्षांच्या पोराभोवती बदलली. १ जानेवारी १९८३ ला फिएस्टा बोलमध्ये डुप्रीने १७ धावांत २३९ यार्ड काढले. तेसुद्धा मांडीचा स्नायू दुखावल्यामुळे निम्मा वेळ बाहेर बसून. ओक्लाहोमा हरलं, ३२-२१. आणि सामन्यानंतर स्वित्झर काय बोलले? पोरगा फिट असता तर याच्या कितीतरी पुढे गेला असता. २३९ यार्डांवर हे अप्रेझल!

तिथून शब्द बदलले. 'पुढचा वॉकर'चा झाला 'वजन वाढलेला', 'आळशी', 'मनात नसलेला'. डॅलसला प्रोजेक्टवर असताना क्लायंटकडे एक जुना ओक्लाहोमावाला होता. (ऑक्टोबरमधल्या टेक्सस-ओक्लाहोमा सामन्याच्या आठवड्यात डॅलसमध्ये कुठलंही रिलीज करू नका, फुकटचा सल्ला.) त्याचं डुप्रीबद्दलचं मत एका वाक्याचं होतं: पोराला भूकच नव्हती. इतक्या वर्षांनीसुद्धा तो ते रागाने बोलत होता, जणू डुप्रीने त्याचे पैसे बुडवलेत.

आता भूक म्हणजे काय? ८ ऑक्टोबर १९८३ ला टेक्ससने ओक्लाहोमाला २८-१६ हरवलं. डुप्रीच्या डोक्याला मार बसला. तो घरी मिसिसिपीला गेला आणि परत आलाच नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा, डोकं बधिर, कोच पेपरातून टोमणे मारतोय. घरी आई शिक्षिका आणि धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी, ज्याच्यावर याचा जीव. तो सदर्न मिसिसिपीत दाखल झाला, पण नियम आडवा आला. १९८४ चा सीझनही बाहेर बसावं लागणार होतं. एनएफएल तेव्हा इतक्या लहान खेळाडूंना घेत नसे. मग उरली नवी स्पर्धक लीग, यूएसएफएल. १९८४ मध्ये तो न्यू ऑर्लीन्स ब्रेकर्सकडे गेला आणि ६८४ यार्ड पळाला. पुढच्या वर्षी टीम पोर्टलंडला हलली आणि सीझनच्या सुरुवातीलाच त्याचा गुडघा गेला. वय वीस.

यात आळस कुठे दिसतो, मला तरी सापडत नाही. चुका दिसतात. हटवादीपणा दिसतो, त्याचाही आणि स्वित्झर यांचाही. (आपण त्याला नीट हाताळलं नाही, हे स्वित्झर यांनी पुढे कबूल केलं.) पण 'मोटिव्हेशन' हा शब्द फक्त त्याच्याच नावापुढे लागला. कॉलिन्स यांच्या मोटिव्हेशनची चर्चा कोणी केली नाही. त्याला 'चांगली संधी' म्हणतात.

आणि पैसे? सप्टेंबर १९८१ मध्ये, डुप्री शाळेच्या शेवटच्या सीझनमध्ये होता तेव्हा, ओक्लाहोमा आणि जॉर्जिया (हो, वॉकरचंच) या विद्यापीठांनी एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेवर दावा लावला. म्हणणं असं की आमचे सामने टीव्हीला विकण्यावर तुमचा ताबा का? २७ जून १९८४ ला सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला आणि विद्यापीठं मोकळी झाली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः एकेकाळचे नावाजलेले रनिंग बॅक होते, हा योगायोगच म्हणायचा. विद्यापीठांना बाजार १९८४ मध्ये मिळाला. खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची परवानगी मिळाली जुलै २०२१ मध्ये. बाहेर न बसता कॉलेज बदलायची मुभाही त्याच वर्षी. तो सहीचा कागद २०२४ मध्ये रद्द झाला.

सध्याच्या पोरांवर चाहत्यांचा आरोप उलटा असतो: यांना नुसता पैसा हवा, खेळावर प्रेम नाही. डुप्रीच्या वेळी पैसा नव्हता तेव्हा भूक नव्हती, आता पैसा आहे तर भूक चुकीची!

डुप्रीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पाच वर्षं मैदानाबाहेर काढल्यावर, गुडघा गेल्याचं सगळ्यांनी गृहीत धरल्यावर, त्याने मिसिसिपीच्याच वॉल्टर पेटनच्या आग्रहावरून पुन्हा व्यायाम सुरू केला आणि १९९० मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सच्या टीममध्ये जागा मिळवली. दोन सीझन, १५ सामने, २५१ यार्ड.

मॉरिसचं पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. 'द कोर्टिंग ऑफ मार्कस डुप्री'. ते छापून आलं १९८३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी डुप्री ओक्लाहोमा सोडून घरी आला त्याच वर्षी.