यंत्राच्या दारी कोकणचा माणूस

वाशिष्ठी नदी जेथे समुद्राला मिळते तेथे दक्षिण तीरावर अंजनवेल आणि उत्तर तीरावर दाभोळ अशी दोन गावे एकमेकांसमोर उभी आहेत. अंजनवेलच्या गोपाळगडावरून खाडीचे तोंड स्पष्ट दिसते. ते तोंड म्हणजे या मुलखाच्या उदरनिर्वाहाची वेसच होय. याच वेशीतून शिडाची गलबते आत आली, येथेच आगबोट थांबली, आणि याच वेशीच्या कडेला पुढे विजेचा कारखाना उभा राहिला. इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आठवतात आणि किल्ले जिंकणारे आठवतात. मी आज सांगणार आहे तो या वेशीतून पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसाचा इतिहास.

त्याला कारण आहे. कामगार संघटनेच्या कामात माझी उमर गेली. कोठेही सभा झाली की शेवटी दोन-चार आईबाप गाठतात आणि विचारतात, "आमच्या मुलाने काय शिकावे म्हणजे त्याला काम मिळेल?" पूर्वी ते संगणकाचे नाव घेत, आता मजकूर लिहिणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या, हिशेब जुळवणाऱ्या नव्या बुद्धियंत्रांचे नाव घेतात. प्रश्न नवा वाटतो, पण तो या किनाऱ्याला दीडशे वर्षांचा परिचित आहे. मी ज्योतिषी नाही. पुढे कोणते यंत्र येईल हे मला सांगता येणार नाही. मागे जी आली त्यांच्या दारी आपला माणूस कसा गेला, कसा टिकला आणि कोठे फसला, एवढे मात्र सांगता येईल.

पहिले यंत्र आगबोटीचे. दाभोळ हे मध्ययुगातले नामांकित बंदर. गलबत बांधणारा सुतार, शीड शिवणारा, सुकाणू धरणारा तांडेल, खलाशी, अशा अनेकांची पोटे त्यावर चालत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनाऱ्याने आगबोटी नियमित फिरू लागल्या आणि उतारू त्यांच्याकडे वळला. माल पुढेही पुष्कळ वर्षे शिडावरच जात राहिला, पण व्यापाराचा जीव मुंबईला गेला होता. मग येथल्या दर्यावर्दी माणसांनी काय केले? त्यांतले कित्येक मुंबईला जाऊन आगबोटींवरच खलाशी झाले. रत्नागिरी जिल्ह्याचे खलाशी पुढे जगभरच्या बंदरांत पोचले. शीड उतरले, तरी वारा, पाणी, दोरखंड आणि तोल यांचे ज्ञान निरुपयोगी ठरले नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

दुसरे यंत्र गिरणीचे. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ती गिरणी सुरू झाली. पुढच्या साठ वर्षांत कोकणची घरेच्या घरे या भोंग्याला बांधली गेली. १९११ च्या खानेसुमारीत मुंबईच्या गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. त्या वेळच्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता, हे खरे. तरीही आकडा सामान्य नव्हे.

हा माणूस मुंबईत काम कसे मिळवी? तेव्हा ना मार्गदर्शन केंद्र होते, ना अर्जाचा नमुना. आगबोटीतून उतरला की तो गावकीच्या खोलीवर जाई. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने निजत. एक कामावरून आला की दुसरा उठून जाई. जेवण खानावळीत. पहाटे काका किंवा चुलतभाऊ त्याला गिरणीच्या फाटकावर नेऊन जॉबरपुढे उभा करी. जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम. काम देणारा तोच, काढणारा तोच आणि पुष्कळदा दस्तुरी घेणाराही तोच. आरंभी बदली म्हणून काम, म्हणजे कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत. त्या बदलीच्या दिवसांत नातेवाइकाच्या शेजारी उभे राहून तो साचा चालवायला शिके. शाळा नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही. गावी बायको शेत सांभाळी आणि पोस्टमन मनीऑर्डर आणी. आज ज्याला आपण भविष्याची आखणी म्हणतो ती त्या काळी एकट्याने कोणी करत नसे; ती गावाने मिळून केलेली होती, आणि तिचा अर्धा भार गावी राहिलेल्या बाईच्या डोक्यावर होता.

या व्यवस्थेचे गोडवेच गाणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. ओळखीने मिळणारे काम ओळख नसलेल्याला मिळत नाही. कापडखात्यात पगार बरा असे. पण धोट्यातली कांडी बदलताना नवा धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि दुसऱ्याचे ओठ लागलेल्या धोट्याच्या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगाराला त्या खात्याचे दार बंद होते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. साच्याला जात कळत नव्हती. साच्यापाशी उभ्या असलेल्यांना कळत होती. स्त्रियांचेही असेच झाले. १९२० च्या दशकात गिरण्यांतल्या कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. पुढे वाइंडिंग आणि रिळांच्या खात्यांत यंत्रे सुधारली, बायकांसाठी कायदे झाले आणि मालकांना त्या महाग वाटू लागल्या. त्यांची संख्या घटत गेली. यंत्र बदलताना प्रथम कोणाला बाहेर काढायचे हे ठरवतात ती माणसेच.

म्हणून संघटना जन्माला आली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची गाऱ्हाणी संघटितपणे मांडली, आणि १० जून १८९० पासून कामगाराला रविवारची सुटी मिळाली. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापून कामगारवस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. बारा-बारा तास उभे राहिलेला माणूस रात्री पाटी घेऊन बसे! माझ्यासारख्या शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला त्या रात्रशाळांचे मोल विशेष वाटते. १९२८ साली मालकांनी विणकराला दोनऐवजी तीन साचे आणि कातणाऱ्याला एकाऐवजी दोन बाजू सांभाळायला लावण्याची योजना आणली. त्यातून सुमारे सहा महिन्यांचा संप झाला. कामगार साच्यावर रागावला नव्हता. दोघांनी तिघांचे काम केले तर उरलेल्या एकाने जायचे कोठे आणि वाढलेल्या नफ्यातला वाटा कोणाचा, हे तो विचारत होता. आजच्या बुद्धियंत्रांच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे, शब्द तेवढे बदलले आहेत.

आमच्या चळवळीचीही एक उणीव सांगितली पाहिजे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक यायचा म्हणताच कर्मचाऱ्यांनी विरोध केला; कलकत्त्याला तर त्याला काही वर्षे अडवून धरले. त्या विरोधाने वेळ मिळाला, आणि मिळालेला वेळ ही लहान गोष्ट नव्हे. परंतु अशा वेळेचा उपयोग माणसांना नवे कसब शिकवण्यासाठी आपण किती केला, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे. गिरण्यांत तर तो फारच थोडा झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्याच एकेक करून बंद पडत गेल्या. गावकीच्या खोलीने तिला आधार दिला होता तोपर्यंत जुनी आखणी चालली. पण सारी खोलीच एका धंद्यावर उभी होती. धंदा बुडाला तेव्हा काकाचे, पुतण्याचे आणि शेजाऱ्याचे काम एकाच दिवशी गेले. त्यातही फरक पडला. ज्याच्या हाती फिटरचे, वायरमनचे किंवा बॉयलर सांभाळण्याचे कसब होते त्याला दुसरे दार ठोठावता आले. ज्याने वीस वर्षे एकाच खात्यात एकाच साच्यावर काढली होती, त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी रखवालदाराची काठी धरावी लागली, नाहीतर गावची वाट.

तिसरे यंत्र मात्र आपण होऊन आपल्या दारी आले. जून १९९२ मध्ये राज्याचे वीज मंडळ आणि अमेरिकेतील एन्रॉन कंपनी यांच्यात प्राथमिक करार झाला. प्रकल्पाला नाव मिळाले दाभोळचे, जमीन गेली खाडीच्या अलीकडची, अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांची. विरोध झाला, तुरुंगवास झाला. १९९७ साली वेलदूरच्या स्त्रियांनाही अटक झाली. १९९५ साली करार रद्द झाला होता, १९९६ साली तो पुन्हा झाला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा चालू झाला. विजेचा दर मंडळाला पेलवेना; मे २००१ मध्ये कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरात मूळ कंपनीचेच दिवाळे निघाले. २००५ साली सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस आणि वीज कंपनी निघाली, २००६ साली यंत्रे पुन्हा फिरली. गॅस मिळेना म्हणून पुढेही ती थांबली आणि पुन्हा चालली.

या साऱ्या हकिगतीत राजकारण पुष्कळ आहे. मी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतो. असा कारखाना उभारताना हजारो हात लागतात आणि चालवताना शेकडोच पुरतात. गॅस जाळून पहिले चक्र फिरते, त्याच उष्णतेची वाफ करून दुसरे फिरते, आणि हे सारे काही मोजकी माणसे एका खोलीत बसून पाहतात. म्हणजे गावाला जो कामाचा सुकाळ वाटला तो उभारणीचा होता. तो संपणारच होता, कारखाना नीट चालला असता तरीही. ज्याने त्या चार वर्षांत सिमेंटची पाटीच वाहिली तो होता तेथेच राहिला. उच्च दाबाच्या नळीचा जोड मारायला जो शिकला त्याचे वेगळे झाले. असा जोड क्ष-किरणाने तपासतात; तो उतरला तर मुंबईत, जामनगरला किंवा आखाती देशात तोच हात चालतो. पुन्हा परीक्षा द्यावी लागते, पण हात आपलाच असतो. शिडावरचा खलाशी आगबोटीवर गेला, तशीच ही गोष्ट.

आता आईबापांच्या प्रश्नाला उत्तर देतो. "कोणता कारखाना येणार?" हे विचारून मुलाचे आयुष्य आखू नका. काम धरताना मुलाने तीन गोष्टी विचाराव्यात. तीन वर्षांनी माझ्या हाताला आज येत नाही ते काय येईल? ते कसब या फाटकाबाहेर कोणाला हवे आहे का? आणि माझ्या नोकरीचा पुरावा माझ्यापाशी राहील का? पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, अनुभवाचा दाखला, हे कागद कंत्राटदाराच्या पिशवीत नव्हे, आपल्या ट्रंकेत असावेत. पडद्यासमोर बसून काम करणाऱ्यालाही हेच लागू आहे. जो केवळ कळा दाबतो त्याची जागा यंत्र सहज घेईल. हिशेब कशाचा आहे, चूक कोठे होते, समोरच्या माणसाची गरज काय आहे, हे ज्याला उमजते त्याला यंत्र बदलले तरी उभे राहायला जागा असते.

आणि चौथी गोष्ट गावाने करायची आहे. गावकीची खोली आता पूर्वीसारखी राहिली नाही, पण चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतोच. त्या दिवसांत एक संध्याकाळ देवळात बसावे. कोण पुण्यात काय करतो, कोण जहाजावर आहे, कोणती मुलगी इस्पितळात वा संगणकाच्या कचेरीत आहे, काय शिकावे लागले, पगार किती, फसवणूक कोठे होते, हे दहावी-बारावीच्या मुलामुलींसमोर मोकळेपणाने सांगावे आणि एका वहीत लिहून ठेवावे. जुन्या खोलीत जात पाहून जागा मिळे आणि बाईला जागाच नसे. या वहीत तसे होऊ देऊ नये. जुन्या खोलीने सर्वांना एकाच फाटकावर नेले. या वहीत अनेक फाटके असावीत.

यंत्र पुढेही येत राहणार. खाडीचे तोंड कोणाला बंद करता येत नाही. आपली मुले त्या वेशीतून बाहेर पडतील, काही परत येतील. जाताना त्यांच्या हाती कसब, ट्रंकेत कागद आणि पाठीशी चार माणसे असावीत, एवढी तजवीज करणे आपल्या हातात आहे. येत्या गणपतीत ती पहिली वही उघडावी, अशी माझी विनंती आहे.