बेस गिटार आणि चौकोनी सेल

मंडळी, आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे कुठल्याही भांडणाचं मूळ शोधायची खोड जात नाही. बेस गिटारवाल्यांत पॅसिव्ह की ॲक्टिव्ह असा वाद आहे. गंमत म्हणजे दोन्हीकडे एकच माणूस सापडतो, लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातला, मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा.

१९५१ साली त्याने ‘प्रिसिजन बेस’ आणली. तोवर माणसाहून उंच डबल बेस वाहून न्यावा लागे. त्यावर सतारीसारखे पडदेही नसत, स्वर अंदाजाने शोधायचा. फेंडरने पडदे बसवले, म्हणून नाव प्रिसिजन, म्हणजे अचूकपणा. आत लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज निर्माण होते. सेल नको, काही नको. ही पॅसिव्ह. खोट एवढीच, की टोनच्या बटणाने बारीक आवाज कमी करता येतो, वाढवता येत नाही, आणि लांब केबलमध्ये तो विरतो. तरी १९६०च्या दशकात जेम्स जेमरसनने मोटाउनची कितीतरी गाणी अशाच गिटारवर वाजवली.

१९६५ साली फेंडरने कंपनी सीबीएसला विकली. पुढे अलेम्बिकच्या लोकांनी गिटारच्या पोटात छोटं ॲम्प्लिफायर घातलं, पण ती पडली हातघडणीची, महाग. मग १९७६ साली म्यूझिक मॅन कंपनीची ‘स्टिंगरे’ आली, ॲक्टिव्ह. घडण पुन्हा फेंडरचीच, पासष्टी उलटल्यावरची!

आता घरचं सांगतो. दौंडचा आमचा एक नातू ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. साठवलेल्या बिदागीतून एकच गिटार येणार, पुढची काही वर्षं तिच्यावरच काढायची. त्याचा ओढा ॲक्टिव्हकडे. मी म्हटलं, शिरूरच्या गणपतीच्या मांडवात तुझा ॲम्प्लिफायर पाच हातांवर असतो, तुझी केबल ती केवढी? आणि रात्री दहाला ९ व्होल्टचा चौकोनी सेल बसला तर घोडनदीत कुठलं दुकान उघडं? माझं मत पॅसिव्हला.

त्याने ऐकून घेतलं आणि दोन्ही सोय असलेली पसंत केली. सेल संपला की खटका दाबून पॅसिव्ह करायची. फक्त कार्यक्रम संपला की केबलची पिन उपसून ठेवावी लागते. ॲक्टिव्ह गिटारमध्ये ती पिन हाच सेलचा स्विच असतो. ती खोचलेली राहिली, तर गिटार भिंतीला टेकून उभी असतानाही सेल झिजत राहतो.