हिवाळा, सायकल आणि रिकामे रस्ते

इंग्लंडमध्ये डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी सकाळी गावाबाहेरच्या अरुंद रस्त्याला लागलात, तर पाच-सात सायकलवाल्यांचं एखादं टोळकं हमखास भेटतं. बहुतेक जण चाळिशी-साठीचे. नाकं लाल झालेली, मडगार्डला चिखल, अंगावर दोन-तीन थर कपडे. या मंडळींना कुठेही पोचायचं नसतं. वीस-पंचवीस मैल जायचं, एखाद्या खेड्यातल्या चहाच्या दुकानात बसायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं, एवढाच कार्यक्रम. बर्मिंगहॅमला येऊन मला बरीच वर्षं झाली, पण थंडीत कुडकुडत हौसेने सायकल चालवण्याचा हा प्रकार सुरू कसा झाला, हा प्रश्न काही डोक्यातून जात नव्हता. म्हणून थोडं वाचलं. त्यातलं जे आवडलं ते इथे मांडतोय.

गोष्ट सुरू होते ती रेल्वेपासून. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत घोडागाड्यांची लांब पल्ल्याची वाहतूक जवळजवळ संपली. ज्या हमरस्त्यांवर दिवसरात्र टपालाच्या गाड्या धावायच्या, तिथे गवत उगवायला लागलं. रस्त्याकडेच्या खाणावळी, जिथे घोडे बदलायचे आणि प्रवासी रात्री उतरायचे, त्या ओस पडल्या. म्हणजे सायकल आली तेव्हा इंग्लंडात चांगले बांधलेले, पण कोणी न वापरणारे रस्ते तयार होते! १८७८ मध्ये सायकलवरून भटकणाऱ्यांचा क्लब निघाला, तोच पुढे सायकलिस्ट्स टूरिंग क्लब झाला. या क्लबने त्या मरायला टेकलेल्या खाणावळी शोधून सभासदांसाठी दर ठरवून घेतले आणि त्यांच्या भिंतींवर पंख असलेल्या चाकाची लोखंडी पाटी लावली. जुन्या इमारतींवर ती पाटी अजून कुठे कुठे दिसते. धोकादायक उतारांवर सावधगिरीचे फलकही सायकलवाल्यांनीच उभे केले, आणि रस्ते सुधारा म्हणून १८८६ मध्ये संघटना काढली तीही त्यांनीच. मोटार यायच्या आधी!

पण हे सगळं मुख्यतः उन्हाळ्यातलं. सुरुवातीच्या काळात सायकल महाग होती आणि ती बाळगणारे लोक ऑक्टोबर आला की तिला व्हॅसलीन फासून अडगळीच्या खोलीत ठेवून द्यायचे. ईस्टरला बाहेर काढायची. हिवाळ्यात सायकल चालवणं हा मोठा फरक घडवला तो दोन गोष्टींनी असं मला वाटतं. एक म्हणजे सायकल स्वस्त झाली आणि कामगारांच्या हातात आली. कामगाराला मोकळा वेळ म्हणजे शनिवारची दुपार आणि रविवार; त्यातले सहा महिन्यांचे रविवार फुकट घालवणं त्याला परवडणारं नव्हतं. १८९४ मध्ये इथे बर्मिंगहॅममध्येच समाजवादी विचारांच्या तरुणांनी क्लॅरियन सायकलिंग क्लब सुरू केला. ही मंडळी खेडोपाडी पत्रकं वाटत हिंडायची. कारखान्याच्या धुरातून आठवड्यातून एकदा बाहेर पडायचं, तर ऋतू बघून कसं चालेल?

दुसरी गोष्ट म्हणजे दिवा. १८८८ च्या कायद्याने सायकलला रस्त्यावरचं वाहन म्हणून मान्यता मिळाली, आणि सूर्यास्तानंतर एका तासाने दिवा लावणं बंधनकारक झालं. डिसेंबरात इथे चारच्या आतबाहेर सूर्य मावळतो. म्हणजे हिवाळ्यात फिरायचं तर दिवा हवाच. (बिनदिव्याच्या सायकलवरून पोलिसाने अडवणं हा पुण्यातल्या मागच्या पिढीचा आवडता किस्सा, त्याचं मूळ हे असं साहेबाच्या घरी.) आधी तेलाचे मिणमिणते दिवे होते, खड्डा आला की विझायचे. १९०० च्या सुमारास कार्बाइडचा दिवा आला. वरच्या डब्यात पाणी, खाली कार्बाइडचे खडे. पाणी थेंब थेंब पडलं की गॅस तयार होतो आणि पांढरा झगझगीत उजेड पडतो. आपल्याकडे बाजारात हातगाडीवाले लावायचे तोच. गंमत अशी की कडाक्याच्या थंडीत वरचं पाणीच गोठायचं आणि नेमकी गरज असताना दिवा बंद पडायचा. शिवाय घरी आल्यावर तो चुन्याचा वास मारणारा लगदा खरवडून काढायचा. तरीही लोक जायचे.

आणि मग येतो तो माझा आवडता माणूस. डब्ल्यू. एम. रॉबिन्सन, टोपणनाव 'वेफेअरर', म्हणजे वाटसरू. 'सायकलिंग' नावाच्या साप्ताहिकात लिहायचा. मार्च १९१९ मध्ये तो सोबत्यांना घेऊन वेल्समधली बर्विन डोंगररांग ओलांडायला निघाला. कॅलेंडरात वसंत ऋतू, पण डोंगरावर बर्फ साचलेलं. वाट सुमारे १९०० फुटांवर चढते. सायकल चालवणं अशक्य, म्हणून ढकलत, उचलत, बर्फातून पाय ओढत ही मंडळी पलीकडे उतरली. मे महिन्यात त्याचा लेख आला, त्याचं शीर्षक होतं 'ओव्हर द टॉप'. खंदकातून उडी मारून शत्रूवर चालून जाण्यासाठी सैनिक हेच शब्द वापरायचे, आणि महायुद्ध थांबून जेमतेम सहा महिने झाले होते. ते शब्द एका रविवारच्या भटकंतीला लावणं म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला समजावून सांगायची गरज नव्हती. ज्यांची मुलं त्या खंदकांतून परतली नव्हती त्यांनीही तो वाचला असेल. मला तरी त्यात उथळपणा दिसत नाही. कोणी हुकूम दिलेला नसताना, स्वतःच्या मर्जीने थंडीत हाल सोसायचे आणि संध्याकाळी गरम चहा प्यायला परत यायचं!

बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "अरे पण कामाशिवाय कशाला?" बाबा सतरा वर्षं पहिल्या पाळीला स्वारगेटहून पिंपरीला सायकलने गेले. डिसेंबरात कानटोपी, हातमोजे म्हणून जुने मोजे. सायकल हर्क्युलिस. मूळ कारखाना इथे बर्मिंगहॅमचा, पण बाबांची मद्रासला तयार झालेली. नंबर लागून स्कूटर आली त्या दिवशी त्यांनी ती दूधवाल्याला देऊन टाकली आणि पुन्हा सायकलला हात लावला नाही. त्यांना सायकल म्हणजे वर जाण्याआधीची पायरी. मला त्यांचं चूक वाटत नाही. हौस ही दुसरा पर्याय असलेल्याची असते. पण मग क्लॅरियनचे कामगार? ते आठवडाभर त्याच सायकलवर कामाला जायचे आणि रविवारी त्याच सायकलवर भटकायला. बाबांना रविवारी झोप हवी असायची, हे त्यांनी नंतर सांगितलं. :-)

पुढचा इतिहास मात्र आनंदाचा नाही. ते रिकामे रस्ते मोटारींनी भरले. १९३४ या एका वर्षात ब्रिटनमध्ये रस्त्यावर ७,३४३ माणसं मेली, तीही आजच्या मानाने मूठभर गाड्या असताना. त्याच डिसेंबरात लंडनजवळ सायकलींसाठी अडीच मैलांचा पहिला वेगळा मार्ग सुरू झाला, आणि सायकल क्लबांनी त्याला कडाडून विरोध केला! आज वाचताना हे विचित्र वाटतं. पण त्यांचं म्हणणं होतं की आज कडेला मार्ग द्याल, उद्या मुख्य रस्त्यावर बंदी घालाल. रस्ते सुधारायला आम्ही भांडलो, आणि आता आम्हीच बाजूला व्हायचं? भीती खोटी नव्हती, पण त्या हट्टापायी वेगळे मार्गही फारसे झाले नाहीत आणि रस्ताही हातचा गेला. १९४९ मध्ये ब्रिटिश लोकांनी वर्षभरात जवळजवळ १५ अब्ज मैल सायकल चालवली होती. १९७३ पर्यंत ते अडीच अब्जांच्याही खाली आलं.

उरले ते आडरस्ते. १९५५ मध्ये डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटांनी जाणाऱ्यांनी रफ स्टफ फेलोशिप काढली. वेफेअरर १९५६ मध्ये गेला, आणि पुढच्याच वर्षी या लोकांनी बर्विनच्या माथ्यावर त्याच्या नावाचा दगड बसवला. शेजारी एका पेटीत वही असते. वर पोचलेला माणूस गारठलेल्या बोटांनी तीत नाव लिहितो, तारीख टाकतो आणि दुसऱ्या बाजूने उतरायला लागतो.