पोटातील आग आणि गोळीचा इतिहास

माझ्या मामांना पित्ताची खोड आहे, असे घरात सगळेच म्हणत. जेवण झाले की घशाशी आंबट येई, छाती जळे. मग मामा अर्धा पेला पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून पीत, मोठी ढेकर देत आणि "झाले, बसले पित्त" म्हणून बाजेवर आडवे होत. पुढे सोड्याच्या जागी चघळायच्या गोळ्या आल्या. असे वर्षभर चालले. एके दिवशी शेतातच त्यांना घेरी आली. तालुक्याला नेले, तेव्हा डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. "शौचाला डांबरासारखे काळे होते का?" आणि "याशिवाय आणखी कोणती गोळी घेता?"

दोन्हींचे उत्तर होते. शौचाला काळे होत होते, आणि मामा गुडघेदुखीसाठी रोज एक गोळी घेत होते, तीही चिठ्ठीवाचून आणलेली. त्या गोळीने जठराच्या अस्तराला व्रण पडला होता आणि त्यातून रक्त झिरपत होते. चघळायच्या गोळीने जळजळ थांबे. रक्त थांबत नव्हते. मामा वाचले. पण हे दोन प्रश्न वर्षभर आमच्यापैकी कुणालाच कसे सुचले नाहीत, ही रुखरुख मला लागून राहिली. इतिहासाचा मास्तर मी. या औषधांचाच इतिहास वाचू लागलो. त्यातले चार प्रसंग आज सांगतो.

पित्ताचा विकार काही नवा नाही. माधवनिदान या जुन्या वैद्यकग्रंथात आम्लपित्तावर स्वतंत्र प्रकरण आहे. पण जठरातले आम्ल नेमके कोणते, हे १८२४ साली कळले. लंडनच्या विल्यम प्राउट या वैद्याने ते हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे दाखविले. सुमारे त्याच काळात अमेरिकेत एक विलक्षण गोष्ट घडली. १८२२ च्या जून महिन्यात मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण हमालाच्या पोटात बंदुकीची गोळी घुसली. तो जगला, पण पोटाला पडलेले भोक कायम राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडले आणि पचन कसे होते ते पाहिले. १८३३ साली त्यांनी आपले प्रयोग पुस्तकरूपाने छापले. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली : आम्ल हा शत्रू नव्हे, तो पोटाचा चाकर आहे. जठराचे अस्तर त्याला सोसते. अन्ननलिकेचे अस्तर मात्र तसे नसते. दोहोंमधली झडप सैल पडली आणि आम्ल वर चढले, की छाती जळते.

आता दुसरा प्रसंग. १९१५ साली शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी व्रणाच्या रोग्यांसाठी एक उपचार सांगितला : तासातासाला दूध व साय, आणि मधून मधून सोड्यासारखी क्षारयुक्त चूर्णे. दुखणे कमी होई, म्हणून उपचार सर्वत्र गेला. पण १९२३ साली डॉक्टरांनीच नोंद केली, की काही रोग्यांना ओकाऱ्या, डोकेदुखी आणि मूत्रपिंडाचा बिघाड होत आहे. दूध आणि सोडा ही का विषे आहेत? नव्हेत. पण मात्रा आणि मुदत सुटली की घरातली वस्तूही बाधते. रक्तदाबाच्या माणसाने रोज सोडा पिणे आजही धोक्याचेच आहे, कारण त्यात सोडियम असते.

तिसरा प्रसंग इंग्लंडमधला. आम्ल तयार झाल्यावर ते मारीत बसण्यापेक्षा ते मुळात कमीच का तयार करू नये, असा विचार जेम्स ब्लॅक यांनी केला आणि १९६४ पासून त्यावर काम सुरू केले. त्यांच्या चमूचे एक औषध गुणकारी ठरले, पण काही रोग्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. ते औषध बाजूला ठेवले, पुन्हा खपले आणि १९७६ साली सिमेटिडीन बाजारात आले. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच १९८८ साली स्वीडनमध्ये शोधलेले ओमेप्राझोल आले. ते आम्ल सोडणारे पंपच बंद करते.

चौथा प्रसंग ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरातला. व्रण काळजीने आणि तिखटाने होतो, अशीच सर्वांची समजूत होती. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल म्हणू लागले, की बहुतेक व्रणांच्या मुळाशी एक जंतू आहे. लोकांना पटेना. तेव्हा १९८४ साली मार्शल स्वतःच ते जंतू प्याले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. ज्यांनी वर्षानुवर्षे नुसत्या आम्लाच्या गोळ्या घेतल्या, त्यांचा हा जंतू पोटात तसाच राहिला होता.

मंडळी, या चार गोष्टींतून निघते ते एवढेच : गोळी आग शमविते, आग कुणी लावली ते सांगत नाही. ते विचारावे लागते.

म्हणून काही गोष्टी ध्यानात धराव्यात. ओमेप्राझोलच्या जातीची गोळी साधारणतः जेवणाआधी अर्धा तास घ्यावयाची असते. जेवल्यावर जळजळ सुरू झाली म्हणून घेतली तर पुरता उपयोग होत नाही. तिची कॅप्सूल चावू नये, कारण आतले औषध आम्लाने नासते. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पाळावी. वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी होण्याचा संभव असतो, हाडेही ठिसूळ होऊ शकतात. मात्र फार दिवसांची गोळी मनाने एकदम तोडूही नये. जळजळ उलटून येते. हृदयविकाराच्या काही औषधांचा गुण ओमेप्राझोलने कमी होतो. आम्लनाशक चूर्ण किंवा गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, काढा आणि चूर्णदेखील.

आणि गिळताना अन्न अडकणे, वजन उतरणे, रक्ताची ओकारी, काळी शौच, यांपैकी काही दिसले तर गोळी शोधू नये, दवाखाना शोधावा. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जाते आणि घाम सुटतो, तेव्हा ते पित्त समजून सोडा पिऊ नका. ते हृदय असू शकते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. वरच्या वर्गातल्या मुलांना औषधाचे वेष्टन वाचायला शिकवा : नाव, मात्रा, मुदत संपण्याची तारीख, चिठ्ठीशिवाय विकू नये ही सूचना. मामांच्या घरी आता नातू हे काम करतो. आजोबांनी गोळी तोंडात टाकण्याआधी तो विचारतो, "आजोबा, ही कशासाठी? आणि किती दिवस?" मामा आधी चिडत. आता उत्तर देतात; आणि उत्तर ठाऊक नसले, तर गोळी परत डबीत ठेवून डॉक्टरांना विचारून येतात.