न पोचलेली बाळं

देवणी म्हटलं की लोकांना गाय आठवते. पण या रविवारचा विषय वेगळा आहे मंडळी.

साधारण ३००० जन्मांमागे एका बाळाचं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, अर्धवट राहतं. त्या भोकातून आतडी छातीत चढतात, बहुतेकदा डावीकडे, आणि फुप्फुसाला वाढायला जागाच उरत नाही. १९४६ साली बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी जन्मून २४ तासही न झालेल्या अशा बाळावर शस्त्रक्रिया केली आणि ते जगलं. मग कित्येक वर्षं सर्जन लोकांचा एकच खाक्या : बाळ आलं की रातोरात भोक शिवा. शिवण झकास व्हायची, पण पुष्कळ बाळं काही तासांनी पुन्हा निळी पडायची!

१९७५ साली कॅलिफोर्नियात रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात मुलीला एक्मोवर ठेवून वाचवलं. एक्मो म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून, पातळ पडद्याआडून ऑक्सिजन देऊन परत सोडणारं यंत्र. नर्सेसनी तिचं नाव ठेवलं एस्पेरांझा, स्पॅनिशमध्ये आशा. तिला आजार वेगळा होता, पण १९७७ पर्यंत श्वासपटलाच्या बाळांवरचे प्रयोगही छापून आले. एक्मो बरं काहीच करत नाही, नुसती सवड देतं. हळूहळू डॉक्टरांच्या ध्यानात आलं की खरा वैरी भोक नाहीच. लहान राहिलेलं फुप्फुस आणि त्यातल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या जीव घेतात. म्हणून आता आधी बाळ स्थिर करतात, मग शिवतात. तरीही या आजारात एक्मोचा किती उपयोग, यावर वाद आहेच.

मला मात्र भिडला तो १९७८ सालचा मायकेल हॅरिसन आणि सहकाऱ्यांचा लेख. मोठ्या हॉस्पिटलांचे आकडे बरे दिसतात, कारण सगळ्यात आजारी बाळं तिथवर पोचतच नाहीत. आमच्या धंद्यात सांगायचं तर, सर्व्हरपर्यंत न आलेली रिक्वेस्ट त्याच्या लॉगमध्ये सापडत नाही. देवणीहून उदगीर, मग लातूर, मग पुणे किंवा हैदराबाद... वाटेत गेलेलं बाळ 'दम लागून गेलं' एवढंच राहतं. श्वासपटल कोण बघतो?

एक्मो देवणीत येणार नाही, हे उघड आहे. पण पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होऊ शकते, आणि दोष दिसला तर बाळंतपण मोठ्या दवाखान्यात ठरवता येतं. जन्मल्यावर मास्क लावून हवा दाबायची नाही. ती पोटात जाते, आतडी फुगतात, फुप्फुस आणखी दबतं. श्वासनलिकेत थेट नळी घालायची, आणि पोटातली हवा काढायला दुसरी. ही दुसरी नळी अगदी साधी असते, काही रुपयांत मिळते.