वजनाच्या पोटातलं शिसं

वाशीच्या बाजार समितीत मापाडी आता पोती इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढवतात. पण नवी मुंबईतल्या भाजीवाल्या मावशींपाशी लोखंडी षटकोनी वजनं अजून दिसतात. वजन उलटं केलं की तळाशी एक खळगा दिसतो. त्यात शिसं भरलेलं असतं आणि शिशावर बारीक ठसे असतात: निरीक्षकाचा क्रमांक, वर्षाचे शेवटचे दोन आकडे, तिमाहीचं अक्षर ए, बी, सी किंवा डी.

शिसंच का? ओतीव लोखंड नेमक्या वजनाचं उतरत नाही. म्हणून वजन किंचित हलकं ओततात आणि उरलेला भार शिशाने पुरा करतात. खळगा आत रुंद, तोंडाशी अरुंद, त्यामुळे शिसं निसटत नाही. ते ३२७ अंशांना वितळतं आणि थंड झाल्यावरही इतकं मऊ राहतं की हातोडीच्या घावाने ठसा उमटतो. कुणी शिसं खरवडलं, तर त्याबरोबर ठसाही जातो. वजन पुरं करणाऱ्या धातूनेच त्याची साक्ष द्यावी, ही युक्ती मला फार मोलाची वाटते.

शिशावर सरकारी नाव उमटवण्याची रीत फार जुनी. बायझंटाइन साम्राज्यात प्रांताधिकाऱ्याच्या पत्राला दोरा बांधत, तो शिशाच्या चकतीतल्या आरपार भोकातून ओवत आणि लोखंडी चिमट्यात दाबत. चकतीवर अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, बरेचदा प्रांतही उमटे. सातव्या-आठव्या शतकांत व्यापारावर देखरेख करणाऱ्या ‘कोमेर्किआरिओस’ अधिकाऱ्यांच्या अनेक मुद्रांवर तर वर्षाचा आकडाही आहे. पत्रं कुजून गेली, शिसं टिकलं. वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स संग्रहात अशा सुमारे १७,००० मुद्रा आहेत. या साम्राज्याच्या राजधानीत, दहाव्या शतकातल्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये, नगराधिपतीच्या शिक्क्यावाचून वजनमाप वापरणाऱ्या व्यापाऱ्याला शिक्षाही होई.

आपल्याकडे कौटिल्याने हाच बंदोबस्त त्याआधी कितीतरी शतकं सांगून ठेवला. ‘अर्थशास्त्रा’तला पौतवाध्यक्ष, म्हणजे वजनमापांवरचा अधिकारी, दर चार महिन्यांनी वजनमापांवर शिक्का मारून घ्यायला लावतो. शिक्का नसेल तर दंड ‘पण’ नावाची सव्वासत्तावीस नाणी.

मुंबई प्रांतात वजनमापांचा कायदा १९३२ साली झाला. १९५६ च्या केंद्रीय कायद्याने शेर-मण जाऊन किलो आला. आज २००९ चा वैधमापन कायदा लागू आहे. त्याच्या नियमांप्रमाणे लोखंडी वजनाची पडताळणी दोन वर्षांतून एकदा व्हावी लागते, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी. या काट्याच्या आत हात घालता येऊ नये म्हणून तारेत ओवलेली शिशाची गोळी दाबून सील करतात. बायझंटाइन पत्राच्या दोऱ्याची जागा तारेने घेतली, एवढाच फरक.

गिऱ्हाईक मात्र हे सील क्वचितच बघतं. भाजी घेताना काट्याची पडताळणी कधी झाली ते विचारा, प्रमाणपत्र बघायला मागा. मुदत उलटली असेल, तर वैधमापन निरीक्षकाच्या कार्यालयात तक्रार करता येते. ती जरूर करा.